चार-दहाचा बोल्ट

१

“…आणि तो बोल्ट म्हणे भट्टीत गेलाच नाही. ओकडननं डब्यात घालून घरी नेला, आणि आता रोज दुपारी त्याच्या शेडमध्ये—”

हॉब्स खाटकाच्या दारावरची घंटी वाजली, मर्ल गॅट्रेल आत आली आणि वाक्य तिथंच तुटलं. काउंटरपाशी उभ्या तिघी एकदम सॉसेजांकडे बघायला लागल्या. मिसेस ट्रेविन त्यांच्यातलीच एक. ती नेहमीप्रमाणे दोन पावलं सरकून भिंतीशी उभी राहिली, मर्लचा कोट आपल्या कोटाला लागू नये म्हणून.

“काय चाललंय शेडमध्ये?” मर्लनं विचारलं.

“तुला काय देऊ, मर्ल?” हॉब्स म्हणाला.

“वाक्याचं उरलेलं अर्धं दे.”

“ते विकायला नाही. चॉप्स चांगले आहेत आज.”

मर्लला अर्धं वाक्य सोसत नसे. कच्च्या बटाट्यासारखं ते तिच्या पोटात दुखायचं. गावात कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाचा जावई कुणाच्या बहिणीशी बोलतोय, सगळं तिला ठाऊक. तेही वाईट मनानं नव्हे, कारण कुणी आजारी पडलं तर सूप घेऊन पहिली तीच जायची. पण हे अर्धं वाक्य तिच्या घरचं होतं.

‘तो बोल्ट’ म्हणजे कुठला, हे ब्लॅकॉल्स गॅपमध्ये कुणाला विचारावं लागत नसे. आठ वर्षांपूर्वी, त्रेचाळीस साली, एका दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, सरावाच्या मैदानावर तिच्या लेस्टरच्या रायफलीतलं काडतूस उडालं नाही. अशा वेळी तीस अंक मोजून मग बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा मुठीचा दांडा, उघडायचा, हे रायफली बनवणाऱ्या गावातलं पोर पाळण्यातच शिकतं. बोल्ट त्याआधी उघडला आणि काडतूस उशिरा पेटलं. लेस्टरच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. शेजारी पडून नेम धरणाऱ्या ॲल्बीचा, मिसेस ट्रेविनच्या एकुलत्या पोराचा, गळा गेला आणि तो तिथंच मेला.

लेस्टरनं घाई केली, असा चौकशीचा निकाल लागला. फॅक्टरीच्या वतीनं सिरिल ओकडननं साक्ष दिली होती की बोल्टात दोष नाही. ओकडन म्हणजे तपासणी विभागाचा मुकादम आणि मर्लचा शेजारी.

हॉस्पिटलात शुद्धीवर येताना लेस्टर एकदाच म्हणाला होता, “आई, मी नाही उघडला.” पुढं चौकशीत तो ‘आठवत नाही’ म्हणाला आणि घरी काहीच म्हणाला नाही. मर्लनं ते एक वाक्य मात्र आठ वर्षं उराशी धरलं होतं. त्यानं नाही उघडला, म्हणजे बोल्टच खराब असणार. आणि तो बोल्ट कुठं सापडला, तर तिचं पोर या गावातून मान वर करून चालणार होतं.

२

बुधवारी दुपारी चारला फॅक्टरीचा सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा मर्ल परसात वाळलेले कपडे काढायला गेली. त्या दिवशी तिनं दोन टॉवेल काढायला दहा मिनिटं लावली. कुंपणापलीकडे ओकडनची पत्र्याची शेड होती. दक्षिण गोलार्धातली जुलैची थंडी, झाडाचं पानही हलत नव्हतं.

चार-दहाला आवाज आला, आजवर तिनं कधी कान देऊन ऐकला नव्हता असा.

ट्रक्. सर्र.

तोंडातला चिमटा तिनं दातांत घट्ट धरला. युद्धाची चार वर्षं तिनं तपासणी विभागात काढली होती, दिवसाला तीनशे बोल्ट. हा आवाज तिला पोटच्या पोराच्या खोकल्यासारखा ओळखू यायचा. मूठ वर, बोल्ट मागे. आता बोल्ट पुढे, मूठ खाली. सर्र, टक्. चार आवाज मिळून एक काम.

उरलेले दोन आलेच नाहीत.

उघडला तर बंद करावाच लागतो. हाताला सवयच असते तशी. तिनं सातशेपर्यंत मोजलं. शेड गप्प. दुसऱ्या दिवशीही तसंच, ट्रक्, सर्र, आणि पुढे काही नाही. शिडी चढून कुणी वरच्या पायरीवर उभं राहावं आणि खाली उतरूच नये, तसं तिला वाटत राहिलं.

“आई, तू कुंपणाला कान लावून उभी होतीस,” चहाच्या वेळी लेस्टर म्हणाला. किटली तो डाव्या हातानं ओतायचा.

“कपडे काढत होते.”

“कपडे सोमवारी धुतेस. आज गुरुवार आहे.”

“मग काय, गुरुवारी वाळत नाहीत कपडे?”

तो हसला नाही. म्हणाला, “म्हाताऱ्याला सोड. त्याचं काय ते त्याच्यापाशी.”

३

मर्लनं स्वतःला समजावलं. म्हातारा एकटा आहे. बायको गेली, फॅक्टरी सुटली, हाताला चाळा हवा. चार वाजता उठतो, बोल्ट उघडतो, तेल घालतो, उघडाच ठेवून चहाला जातो. शहाण्या माणसाला पटेल असंच होतं सगळं.

शुक्रवारी ती घराच्या बाजूच्या बोळात उभी राहिली. तिथून डावीकडे ओकडनचा पुढचा व्हरांडा दिसायचा, उजवीकडे मागची शेड. ओकडन व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता. गुडघ्यांवर घोंगडी, डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेला पेपर. शेडच्या कडीत कुलूप होतं.

भोंगा झाला. सायकली गेल्या. रस्ता मोकळा झाला.

ट्रक्. सर्र.

आवाज उजवीकडून आला. माणूस डावीकडे होता. त्यानं शेडकडे वळून बघितलंही नाही. पेपर हळूच खाली केला, डोळे मिटले, आणि दाढ काढून घेणारा माणूस बसतो तसा खुर्चीचे हात धरून बसून राहिला.

उंदीर असेल, मर्लनं स्वतःला सांगितलं. मग तिचं तिलाच हसू आलं. रायफलीची मूठ वर उचलून बोल्ट मागे ओढणारा उंदीर.

हसू आलं तेवढ्याच वेगानं गेलं.

४

शनिवारी सकाळी ती ताज्या भाजलेल्या स्कोन-पावांची थाळी घेऊन त्याच्या दारात उभी. फॅक्टरीबाहेर दोन्ही घरांत आठ वर्षं टोपीला हात लावण्यापुरताच संबंध होता.

“मिसेस गॅट्रेल,” ओकडन म्हणाला. डोळ्यांवर मोतीबिंदूची साय आलेली, तरी त्यानं वासावरून ओळखलं. “स्कोन आणलेत म्हणजे काहीतरी विचारायचंय.”

“तुमच्या शेडमध्ये काय आहे?”

“फावडी.”

“मिस्टर ओकडन, मी चार वर्षं तुमच्या हाताखाली काढलीत. फावड्याचा आवाज मला कळतो.”

त्यानं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, “थाळी आत ठेवा. पोरगं घरी आहे?”

“बटाटे काढतोय मागं. त्याला बोलावू?”

“नको!” एवढ्या मोठ्यानं तो या रस्त्यावर कधी बोलला नसेल. “त्याला नको. तुम्ही या. साडेतीनला.”

५

शेडमध्ये तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. बाकावर शिकंज्यात एक जुनी रायफल आडवी पकडलेली. नळीत शिसं ओतून बुजवलेली, शाळेतल्या पोरांना कवायतीला देतात तसली. दस्ता इथल्याच डोंगरातल्या फिक्या लाकडाचा. तिच्यात बसवलेला बोल्ट बंद होता.

“हाच?” मर्लनं विचारलं.

“हाच. निकालानंतर भट्टीत टाकायला माझ्याच हातात दिला. मला टाकवला नाही. आपण पास केलेली वस्तू चुकली होती की काय, हे घरी नेऊन पुन्हा मापावं म्हटलं. बारा वेळा मापला.” त्यानं कप्प्यातून फडक्यात गुंडाळलेली दोन मापं काढली. “माझे डोळे गेलेत. तुम्ही मापा.”

मर्लच्या बोटांनी चार वर्षांचं शिक्षण सहा वर्षांनी पुन्हा गिरवलं. मापं म्हणजे काडतुसाच्या आकाराचे पोलादी तुकडे. तपासणीतल्या बायका एकाला होकारी म्हणायच्या आणि त्याहून केसभर लांब असलेल्याला नकारी. होकारीवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नकारीवर होता कामा नये. दोन्ही झालं तरच रायफल पास.

होकारी घातलं. बोल्ट लोण्यासारखा बंद झाला.

नकारी घातलं, आणि मनात देवाला विनवलं, बंद होऊ दे. एकदा होऊ दे, म्हणजे हा खराब ठरेल.

मूठ अर्ध्यावर अडली. तिनं नको तेवढा जोर लावून बघितला. मूठ अडलेलीच.

“मिसेस गॅट्रेल,” ओकडन हलकेच म्हणाला, “जोर लावायचा नसतो. मीच शिकवलंय तुम्हाला.”

बोल्ट चांगला होता. तिनं मूठ आणि खाचा तपासल्या, भिंग लावून तडा शोधला. ओकडनचा १४ नंबरचा ठप्पा नीट बसला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं.

“चाळीस वर्षं झाली या बनावटीला,” ओकडन कोपऱ्यातल्या अंधारात बघत बोलत होता. “नकाशे विलायतेतले, यंत्रं अमेरिकेतली, हात आपले. लोक म्हणतात, बोल्टाची पकड मागच्या टोकाला असते म्हणून ही बनावट कच्ची. पण याच्याइतका झटपट चालणारा बोल्ट जगात नाही. आणि बंद झाला की आपण होऊन उघडत नाही. मी शपथेवर सांगितलं तसं. उघडतच नाही, बाई. त्याला हात लागतो.”

“मग रोज काय उघडतं?”

“सकाळी मी बंद करतो. चार-दहाला तो उघडतो. पहिल्या वर्षी मी मूठ तारेनं बांधली. तार तुटली नाही, सुटली. नीट, गाठ सोडून.” त्यानं तिच्या हातातली मापं काढून घेतली. “बोल्ट बंद करा. आणि हात मांडीवर ठेवा. दोघांचेही दिसले पाहिजेत.”

भोंगा झाला. दोघं बाकापासून दोन हात दूर, स्टुलांवर बसले, प्रार्थनेला बसल्यासारखे. बाहेर सायकली गेल्या. पत्र्यावर चिमणी चालली तेही ऐकू आलं.

मर्लची नजर मुठीवर होती. तेल पुसलेली, गोल, पोलादी मूठ. थंडीत काचेवर श्वास सोडावा तशी एका बाजूनं ती धूसर झाली. तिला वाटलं, डोळ्यातलं पाणी. तिनं पापण्या मिटून उघडल्या. धुसरपणाला आकार होता. चार बोटं.

पण ती चुकीच्या बाजूनं होती. हजारो हात तिनं या मुठीवर बघितले होते, सगळे उजवे, कारण मूठच उजव्या अंगाला असते. सैन्याला डावरा माणूस माहीतच नाही. असेल त्यानं मुकाट्यानं उजव्यासारखं व्हायचं. हा हात उजवीकडून, बाहेरून आडवा आला होता. अंगठा खाली. डावा हात. शेजारी पडलेल्या माणसाचा.

आणि मर्लला तो हात माहीत होता. लेस्टरच्या उजवीकडं बसून, त्याला कोपर मारून, तिच्याच टेबलावर जॅमच्या बरणीकडे असाच आडवा यायचा. “जरा धीर धर रे,” म्हणून तिनं त्यावर कितीदा चमचा मारला होता.

ट्रक्. मूठ वर झाली. घाईनं नव्हे, खोडकर पोर हळूच करतं तशी.

सर्र.

पोलाद पुन्हा कोरडं झालं.

“काय दिसलं?” ओकडननं विचारलं. “मला फक्त मूठ उठताना दिसते. तुम्हाला काय दिसलं?”

“बोल्ट चांगला आहे, मिस्टर ओकडन,” मर्ल उठत म्हणाली. “तुम्ही खोटी साक्ष दिली नाहीत.”

“मग उघडतो कोण?”

“मला विचारू नका.”

६

लेस्टर स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. बटाटा टेबलाला ठोकलेल्या खिळ्यात रोवायचा आणि डाव्या हातानं सुरी चालवायची. ही युक्ती त्याची त्यानं काढली होती.

“ॲल्बी तुझ्या उजवीकडं होता,” मर्ल म्हणाली. विचारलं नाही.

सुरी थांबली.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. त्यानं उघडला.”

लेस्टरनं सुरी खाली ठेवली. आठ वर्षं बंद असलेलं काही त्याच्या तोंडातून बाहेर आलं ते अगदी साध्या आवाजात.

“मी बारापर्यंत मोजलं होतं. तो म्हणाला, ‘चल रे, चहा थंड होतोय.’ आणि हात घातला. हसत होता. मी त्याचा हात धरायला गेलो, म्हणून माझी बोटं तिथं होती. त्याचाही हात गेला होता, आई. पण गळाच गेलेल्याचा हात कोण बघतंय?”

“आणि तू गप्प बसलास!”

“काय सांगू? मेलेल्या माणसावर ढकललं, असंच म्हणाले असते. आणि समजा खरं मानलं असतं…” तो थोट्या हाताकडे बघत राहिला. “मिसेस ट्रेविनकडे दुसरं काय आहे? नवरा दारुडा, तो मेला. एक पोरगा, तो निर्दोष मेला. एवढं एकच तिचं आहे. ते मी काढून घेऊ?”

“ती माझ्या सावलीला शिवत नाही, लेस्टर. तुला बघितलं की थुंकते.”

“थुंकू दे. ते पुसता येतं.”

मर्लला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. उरलेले बटाटे घेतले आणि सोलायला बसली. सालं जाड निघत होती.

७

गावात बातमीला पाय फुटतात. मर्ल शेडमध्ये गेली होती, हे सोमवारपर्यंत हॉब्सच्या दुकानात पोचलं. मंगळवारी पावणेचारला मर्लच्या फाटकाशी मिसेस ट्रेविन उभी होती. डोक्यावर चर्चला घालायची टोपी, हातात हातमोजे. आठ वर्षांत ती या रस्त्यालाही आली नव्हती.

“मर्ल.”

“व्हेरा.”

“ओकडनकडे तो बोल्ट आहे?”

“आहे.”

“खराब आहे?”

मर्लच्या मागं स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत सुरीचा आवाज चालला होता, तो थांबला.

एक शब्द. ‘हो.’ तेवढा म्हटला की लेस्टर सुटणार होता. ॲल्बीही निर्दोष राहणार होता. बुडणार होता तो एक आंधळा होत चाललेला म्हातारा, ज्याच्या मागं रडायलाही कुणी नव्हतं. गेल्या तीन रात्री मर्लनं हा शब्द उशीत तोंड खुपसून म्हणून बघितला होता. तो काही जड नव्हता. तिनं तोंड उघडलं.

“कारण खराब असेल तर मला तो बघायचाय,” मिसेस ट्रेविन म्हणाली. मोजे तिनं पिळून पिळून दोरी केले होते. “लोक म्हणतात, तो आपोआप उघडतो. रोज, त्याच वेळेला. ते मला बघायचंय. माझ्या पोराचं शेवटचं जे काही उरलं असेल ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय. ओकडननं दार नाही उघडलं तर पत्रा उचकटीन. आत्ताच जाते. वेळ झालीच आहे.”

ती वळलीसुद्धा.

मर्लनं फाटकाची कडी काढली. तिला स्वतःला तो हात ओळखायला जॅमची बरणी आठवावी लागली होती. या बाईला काहीच आठवावं लागणार नव्हतं. तिनं तो हात घडवला होता, धुतला होता. ‘डाव्यानं नको, उजव्यानं जेव’ म्हणून त्यावर फटके मारले होते. ती नुसतं धूसर होणारं पोलाद बघेल आणि सगळं वाचेल.

“व्हेरा, थांब!”

मिसेस ट्रेविन थांबली.

“बघण्यासारखं काही नाही तिथं,” मर्ल म्हणाली. “बोल्ट आहे, तेवढं खरं. बाकी दुकानातल्या गप्पा. म्हातारा एकटा असतो, हाताला चाळा म्हणून उघडतो आणि झाकतो. मी स्वतः मापला बोल्ट. होकारी घेतो, नकारी घेत नाही. तुला कळतं मी काय म्हणतेय ते, तूही होतीस फॅक्टरीत. त्यात दोष नाही.”

“मग?”

खिडकीत काहीच आवाज नव्हता.

“मग काय. लेस्टरनं घाई केली.”

मिसेस ट्रेविन तिच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. हातातले मोजे तिनं उलगडले, सरळ केले. मग ती फाटकापर्यंत परत आली आणि मर्लच्या मनगटावर हात ठेवला. हात गरम होता. आठ वर्षांपूर्वी दोघी रोज एकमेकींच्या स्वयंपाकघरात पीठ मळायच्या.

“एवढंच हवं होतं मला,” ती म्हणाली. डोळे भरले होते. “तो तुझा मुलगा आहे, एवढ्यासाठी मी तुला कधी दोष दिला नाही, मर्ल. तू कबूल करत नव्हतीस, त्याचा राग होता.”

“हं.”

“रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर ये बसायला. पूर्वीसारखी. मी जागा धरीन.” तिनं मर्लचं मनगट दाबलं. “फक्त त्याला आणू नकोस.”

“बरं,” मर्ल म्हणाली.